आवाज कधी येतो?

जुन्या गाडीत नवा आवाज आला की मालक सर्वांत आधी काच वर करतो. मग एफएम लावतो. दोन गाणी धडाक्यात जातात. तिसरं जरा हळुवार निघालं की तबल्याच्या मागून तो पुन्हा येतोच. मग रस्त्यावरची नजर न हलवता, सहज विचारल्याचा आव आणून, मालक शेजारच्या सीटकडे प्रश्न टाकतो, "तुला काही ऐकू येतंय का गं?" या प्रश्नाला 'नाही' एवढंच उत्तर अपेक्षित असतं. प्रत्यक्षात मिळतं ते असं : "अहो, गणपतीपासून येतंय. मला वाटलं, तुम्हाला माहितीये." त्या क्षणी आवाजाची सरकारदरबारी नोंद होते.

उदाहरणाला मारुती ८००च घ्यावी. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीच्या किल्ल्या दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती ठेवल्या आणि जानेवारी २०१४मध्ये या गाडीचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत बॉडी बदलली, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन मात्र शेवटपर्यंत टिकलं. भिवंडीतली आपली गाडी २००७ सालची, नंबर एमएच-०४, मागच्या काचेवर 'आई एकवीरा प्रसन्न'. मालक कोण हे विचारण्यात अर्थ नाही. कल्याण नाक्यापासून वंजारपट्टी नाक्यापर्यंत दर गल्लीत एक सापडतो. गाडीला पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा त्याने नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. नेमकी त्याच साली, १ एप्रिल २०२२ पासून, या कामाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती. वर ग्रीन टॅक्स वेगळा. एवढे पैसे मोजलेला माणूस गाडी आणखी पाच वर्षं चालणार हे गृहीतच धरतो. इंजिनाने तशी सही कुठेच केलेली नसते.

आवाज म्हणाल तर मामुली. गाडी सुरू करताना नाही, उभी असताना नाही. दुसऱ्या गिअरमध्ये वेग घेताना मध्येच 'खर्रर्र' होतं, क्षणभर टिकतं आणि जातं. तिसऱ्या गिअरमध्ये पुन्हा तसंच. बाजूने रिक्षा गेली तर तेवढंही ऐकू येत नाही. आणि भिवंडीत बाजूने रिक्षा गेली नाही, असा क्षण शोधावा लागतो.

आवाज पकडायचा तर शांत जागा हवी, इथेच पहिली अडचण. शहरात काही लाख यंत्रमाग आहेत. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा धोटा या टोकाकडून त्या टोकाला ठोकतो. एका शेडमध्ये असे पंचवीस-तीस माग सुरू असले की आतला आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. शेडमधून बाहेर पडावं तर गोदामं. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवता यावा म्हणून भिवंडीच्या भातशेतांत गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं हलली नाहीत, उलट वाढली. त्यांच्याकडे निघालेले कंटेनर माणकोली, अंजूरफाटा, राजनोली इथे एअर ब्रेकचे फुत्कार टाकत उभे असतात. राहिलेली कसर खड्डे भरून काढतात. स्वतः मात्र भरले जात नाहीत. अंजूरफाटा ते चिंचोटी एवढं अंतर कापल्यावर यातली खडखड इंजिनाची किती, डॅशबोर्डची किती आणि स्वतःच्या मणक्याची किती, याचा हिशेब कुणालाच लागत नाही.

गंमत अशी की याच गावाला यंत्राचा कानही आहे. चार-सहा माग एकट्याने सांभाळणारा कामगार पाठमोरा असला तरी कुठला माग अडला ते त्याला कळतं. माग दुरुस्त करणारा जॉबर पाना उचलण्याआधी नुसता उभा राहून ऐकतो. एवढ्या गदारोळात काम करणाऱ्यांना आवाजाची भीती वाटत नाही. आवाज बदलला तरच ते मान वळवतात. त्यामुळे भिवंडीत भर रस्त्यावर बोनेट उघडणं ही खासगी बाब राहत नाही. बोनेटखाली काठी लावून होईपर्यंत चौघं जमलेले असतात आणि चौघांचंही निदान तयार असतं.

पहिला जॉबर. तो डोळे मिटून ऐकतो आणि सांगतो, "एक ठोका उशिरा पडतोय." कसला ठोका, हे त्याने सांगायचं नसतं. दुसरा टेम्पोवाला. त्याच्या मते क्रॉस गेलाय. टेम्पोत इंजिन पुढे, ओढणारी चाकं मागे. मधल्या लांब दांड्याच्या सांध्यात क्रॉस असतो आणि तो झिजला की खडखडतो, हे सगळं खरं. फक्त मारुती ८००ची पुढचीच चाकं गाडी ओढतात, त्यामुळे तिला तो दांडाही नाही आणि तो क्रॉसही नाही. हे कळल्यावर टेम्पोवाला गाडीकडे जरा सहानुभूतीने बघतो. तिसरा रिक्षावाला. त्याच्या लेखी २०२३नंतर देशात बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीचं कारण पेट्रोलमधलं इथेनॉल. जुन्या गाडीतले रबराचे पाइप आणि सील इथेनॉलने लवकर खराब होतात, ही तक्रार रास्त आहे. पण इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, म्हणजे इंजिनातली 'नॉकिंग' नावाची खडखड त्याने उलट कमी व्हायला हवी. चौथा मालकाचा भाचा. त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. "मामा, टायमिंग चेन! शंभर टक्के टायमिंग चेन. तुटली तर इंजिन खल्लास." मामाच्या पोटात गोळा येतो. मारुती ८००च्या इंजिनात टायमिंग चेन नसते, रबरी दातेरी पट्टा असतो. तो तुटू शकतो, फाटू शकतो, पण साखळीसारखा खुळखुळणं त्याच्या हातात नाही.

शिवाय एक पाचवा असतो, तो निदान करत नाही. मोटारसायकलवरून जाता जाता ओरडतो, "दादूस, गारी लय वाजते!" आणि वळणावर दिसेनासा होतो.

संध्याकाळी घरी काका येतात. काकांकडे एके काळी प्रीमियर पद्मिनी होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली, तिचीच पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईच्या टॅक्सीतून ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी वयोमर्यादेमुळे बाहेर गेली; काकांच्या बोलण्यातून अजून गेलेली नाही. "टॅपेट!" काका चहाचा कप खाली न ठेवता सांगतात. पद्मिनीच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडायला लांब पुशरॉड असत आणि त्यांच्यातली फट ठरावीक काळाने नीट करून घ्यावी लागे. ती वाढली की टिकटिक सुरू. पद्मिनीपुरतं काकांचं निदान अनेकदा बरोबर ठरलेलं असतं. त्यानंतर त्यांनी तेच निदान मिक्सर, छताचा पंखा आणि एकदा तर शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनलाही लावलेलं आहे.

आता आवाज दुसऱ्याला सांगायचा कसा, हा प्रश्न उरतोच. गाडीत बसून गॅरेजला न्यावं तर आवाज वाटेत रुसतो. म्हणून मालक तोंडाने काढून दाखवतो. "खर्रर्र, पण ओला नाही, कोरडा." अमेरिकेत या कलेवर एक अख्खा रेडिओ कार्यक्रम चालला. बोस्टनजवळचे टॉम आणि रे मॅग्लिओझी हे भाऊ १९७७पासून 'कार टॉक' करत; १९८७मध्ये तो देशभर ऐकू जाऊ लागला आणि २०१२पर्यंत त्यांनी नवे भाग केले. श्रोते फोन करून आपल्या गाडीचा आवाज तोंडाने काढत, भाऊ आधी खदखदून हसत आणि मग बऱ्याचदा नेमकं निदान सांगत. दोघांचंही शिक्षण एमआयटीतलं होतं, पण कार्यक्रम चालला तो हसण्यावर. आपल्याकडचा मालक व्हॉट्सअॅपवर मिस्त्रीला आवाज पाठवतो. मोबाइलला मात्र माणसाचं बोलणं स्पष्ट पोचवायचं शिकवलेलं असतं. मागची एकसुरी घरघर तो शक्य तेवढी गाळतो. परिणामी गॅरेजमध्ये पोचते ती मालकाचीच चिंतातुर वाणी, "ऐकलंत? ऐकलंत? हे बघा, आत्ता आला!" इंजिन त्यात जवळजवळ नसतंच.

शेवटी गाडी उस्तादांकडे जाते. उस्ताद म्हणजे हमरस्त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमधले, हाताखाली दोन पोरं बाळगणारे आणि गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य कधीच पुरं ऐकून न घेणारे गृहस्थ. इतर सगळे 'आवाज कसला' यावर भांडत असतात. उस्ताद वेगळाच प्रश्न विचारतात.

"कब आता है?"

"मंगळवारपासून, उस्ताद. म्हणजे सोमवारी आम्ही वज्रेश्वरीला गेलो होतो, तेव्हा नव्हता—"

"अरे साहब, दिन नहीं पूछा. ठंडी में आता है के गरम में? खडी में के चलती में? रेस देने पे के छोडने पे? क्लच दबाओ तो जाता है?"

मालक विचारात पडतो. एवढे दिवस तो आवाजाबरोबर राहिला, पण आवाजाची दिनचर्या काही त्याने विचारली नव्हती. "येतो म्हणजे… येतोच," तो सांगतो.

उस्तादांच्या त्या चार प्रश्नांत अर्धी तपासणी आटोपते. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना दोन-चार सेकंद खुळखुळ होऊन थांबली, तर तेल वर चढेपर्यंत काहीतरी सैल राहत होतं. चेनवाल्या इंजिनात संशय टेन्शनरवर जातो. थंड इंजिनात ठकठक आणि पाच-दहा मिनिटांत बंद, तर पिस्टन. अॅल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमधली वाढलेली फट भरून काढतो. झिजलेलं इंजिन म्हणून गरम झाल्यावर साळसूद होतं. कसारा घाटात चौथ्या गिअरमध्ये गाडी रेटताना बारीक खणखण आली, तर नॉकिंग : पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठरल्या वेळेआधी, स्वतःच्या मर्जीने पेटतंय. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर बंद झाला तर गिअरबॉक्समधलं बेअरिंग. एसी लावल्यावर आला तर कॉम्प्रेसर किंवा त्याचा पट्टा.

काकांच्या टॅपेटचीही परीक्षा अशीच होते. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एक सैल टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजतो, म्हणजे सेकंदाला साडेसहा-सात टिका. मोजता येत नाहीत, पण इंजिनापेक्षा काहीतरी संथ चाललंय एवढं कानाला कळतं. रेस दिली की टिकटिक त्याच प्रमाणात वाढते. मध्येच येऊन मध्येच जात नाही.

सगळ्यांत वाईट तो खोल, जड ठोका. इंजिन गरम असताना, जोर पडल्यावर, खालून येणारा. तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. तो ऐकला की उस्ताद रेस देणाऱ्या पोराला एका हाताने थांबवतात, किल्ली फिरवतात आणि गाडी ओढून न्यायला सांगतात. कारण हे बेअरिंग गेलं आणि गाडी तशीच हाकली, तर रॉड इंजिनाचा पत्ता सोडून बाहेर येऊ शकतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत यावर एक तपास चाले : एकेका प्लगची वायर काढायची, ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका मऊ झाला, गुन्हेगार तिथला. वायर काढायचं काम पोराकडे असे आणि झटका बसला की पोरालाही कुठलं सिलिंडर चालू आहे हे नीट कळत असे. इंजेक्शनच्या गाडीत मात्र हा खेळ जपून करावा लागतो, कारण न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

एवढं सगळं झाल्यावर उस्ताद ट्रायल घ्यायला गाडीत बसतात. इथे निसर्गाचा नियम लागू होतो : उस्ताद बसले की आवाज येत नाही. कल्याण नाका, राजनोली, पुन्हा मागे. गाडी नव्या नवरीच्या चालीने चालते. मालक घामाघूम. "आत्ता येईल बघा… हा खड्डा गेल्यावर…" येत नाही. उस्ताद त्याच्याकडे असं बघतात की मालकालाच शंका येते. याला कारणं आहेत आणि ती चमत्काराची नाहीत. घरापासून गॅरेजपर्यंत येताना इंजिन तापतं, धातू प्रसरण पावतात, फटी मिटतात. उस्तादांचा पाय मालकापेक्षा जड असतो. मालक ज्या गतीला रेंगाळतो ती गती उस्ताद एका दमात ओलांडून जातात. म्हणून अनुभवी मिस्त्री गाडी रात्रभर ठेवून घेतात आणि सकाळी स्वतः सुरू करतात. मालकाला वाटतं, गाडीत मोठंच काहीतरी निघालंय.

सकाळी लांब स्क्रूड्रायव्हर बाहेर येतो. टोक इंजिनावर, मूठ कानाला. फ्रेंच डॉक्टर रेने लाएनेक यांनी १८१६मध्ये कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून ऐकलं आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. गॅरेजने तीच युक्ती पंधरा इंची पोलादात उतरवली. पोलादातून आवाज हवेच्या सुमारे पंधरापट वेगाने जातो, त्यामुळे स्क्रूड्रायव्हरला सगळं ऐकू येतं. अडचणही तीच. इंजिनाचा ब्लॉक, हेड, ब्रॅकेट, गिअरबॉक्स सगळं एकमेकांना बोल्टने जोडलेलं. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग घरघरलं की ती घरघर अल्टरनेटरच्या ब्रॅकेटवरही ऐकू येते आणि बिचारा अल्टरनेटर बदलला जातो. अशा वेळी उस्ताद पट्टाच काढतात आणि इंजिन मिनिटभर तसंच चालवतात. आवाज गेला तर चोर पट्ट्यावरच्या मंडळींत. राहिला तर घरातलाच.

चुकीच्या तर्कावरून बरोबर जागी पोचण्याची परंपराही जुनी आहे आणि ती गॅरेजपुरती नाही. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवर चालणारं इग्निशन काढलं, तेव्हा इंजिनातल्या नॉकिंगचं खापर लोकांनी त्यावर फोडलं. चिडून त्यांनी १९१६मध्ये थॉमस मिडग्ली नावाच्या तरुण इंजिनिअरला कामाला लावलं. दोघांचा तर्क असा की पेट्रोलला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषेल आणि नीट पेटेल. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडिन घातलं. खडखड कमी झाली! मग मिडग्लींनी बाकीचे लाल रंग आणून घातले, तर एकाचाही उपयोग नाही. गुण रंगात नव्हता, आयोडिनमध्ये होता. त्या धाग्यावरून शोध सुरू राहिला आणि डिसेंबर १९२१मध्ये शिशाचं संयुग सापडलं. खडखड थांबली, आणि जगभरच्या शहरांच्या हवेत जवळपास शंभर वर्षं शिसं मिसळत राहिलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २०००मध्ये बंद झालं. सगळ्यांत शेवटी, २०२१मध्ये, अल्जीरियात. उस्तादांच्या हातून आजवर झालेल्या चुका याच्यापुढे किरकोळच म्हणायच्या.

भाच्याला स्क्रूड्रायव्हरचा हा प्रकार मागासलेला वाटतो. "मामा, स्कॅनर लावा." भारतात गाड्यांना ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स २०१०पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, त्याआधीच्या गाडीतला संगणक अगदीच मितभाषी. स्कॅनर लावला तरी पडद्यावर उत्तर येतं : दोष नाही. स्कॅनर खोटं बोलत नसतो. ऑक्सिजन, तापमान, दाब, स्पार्क यांची चौकशी तो करतो. सैल पत्र्यासाठी त्याच्याकडे सेन्सरच नाही. आवाजाचा शास्त्रशुद्ध तपास होतो तो पुण्यात वेताळ टेकडीवर, १९६६पासून काम करणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेत. तिथे भिंती आवाज गिळून टाकतात, मायक्रोफोन आणि कंपनमापक लावून गाडीचा एकेक सूर सुटा करतात. या विषयाचे इंजिनिअर वेगळे असतात. विजेच्या गाड्या आल्यापासून त्यांचं काम वाढलंय, कारण एरवी इंजिनाच्या घरघरीखाली लपणारी प्लास्टिकची प्रत्येक करकर आता उघडी पडते. भिवंडीच्या उस्तादांना मात्र ती आवाज गिळणारी खोली वीज गेल्यावरच मिळते. वीज गेली की आसपासचे माग थांबतात, आणि उस्ताद हातातली चपाती ठेवून ओरडतात, "अरे, चालू कर गाडी! जल्दी!"

या दिवसांत मालकाची अवस्था बघण्यासारखी असते. कुणीतरी 'हाफ इंजिन' हा शब्द त्याच्या कानावर घातलेला असतो. कुणी 'इंजिन उतरवावं लागेल' म्हणतं, आणि हे वाक्य तो घरी जाऊन जसंच्या तसं सांगतो. रात्री तो कुर्ल्याच्या भंगारबाजारात चालू हालतीतलं इंजिन केवढ्याला मिळेल याची चौकशी करतो, मग गाडी विकली तर किती येतील याची, आणि दोन्ही आकडे जवळपास सारखेच आहेत हे बघून दिवा मालवतो.

तिसऱ्या दिवशी वीज जाते. पोरगं बोनेटजवळ, उस्ताद गाडीखाली. "रेस दे. धीरे. और धीरे. रुक, उधरीच रख!" इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास येतं आणि आवाज उमटतो : खर्रर्र. जरा वर नेलं, गेला. जरा खाली आणलं, गेला. पुन्हा २,०००, पुन्हा खर्रर्र. उस्तादांना उत्तर मिळालेलं असतं. जे बेअरिंग झिजलंय ते एवढं वक्तशीर नसतं. ठरावीक गतीलाच वाजणारी वस्तू बहुतेक वेळा पत्र्याची असते. तीन सिलिंडरचं इंजिन २,००० फेऱ्यांना सेकंदाला ५० स्फोट करतं. ज्या पत्र्याचं स्वतःचं कंपन नेमकं त्या आकड्याशी जुळतं, तो थरथरू लागतो; आकडा बदलला की गप्प बसतो. मालक दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेताना दर वेळी याच गतीतून जात होता.

उस्ताद लाकडी दांडक्याने एकेक वस्तू दाबून बघतात. इंजिनाचं फाउंडेशन, नाही. एअर फिल्टरचा डबा, नाही. सायलेन्सरच्या नळीवर, वरच्या भागाला धग लागू नये म्हणून, पातळ पत्र्याचं एक कवच असतं. त्यावर दांडकं टेकतं आणि खर्रर्र थांबतं. उचललं, सुरू. टेकलं, बंद. बोल्ट जागच्या जागी असतो. त्याच्याभोवतीचा पत्रा भिवंडीच्या पावसाळ्यांनी खाऊन टाकलेला असतो. हाच पत्रा ओढून फेकून देणारे मिस्त्री आहेत, पण मग ती धग गाडीच्या तळाला आणि वायरिंगला लागते. उस्ताद नळी आवळायची एक स्टीलची मोठी क्लिप मागवतात, पत्र्यासकट नळीभोवती गुंडाळतात आणि स्क्रू पिळतात.

"हो गया."

"एवढंच?" मालकाच्या आवाजात आनंदापेक्षा निराशाच जास्त. तीन दिवस गाडी गॅरेजला, घरात हाफ इंजिनची चर्चा, काकांचा रोज फोन, आणि शेवटी शंभर रुपयांच्या आतली क्लिप! घरी सांगायचं काय? नातेवाइकांत तोंड दाखवायचं कसं? "उस्ताद, आता आलीच आहे गाडी, तर बाकीचंही काही बघून घ्या," तो गळ घालतो. "प्लग साफ करा. तेल-बिल बघा."

तेलाचा विषय निघाल्यावर उस्ताद डिपस्टिक ओढतात, फडक्याने पुसतात, पुन्हा घालतात, पुन्हा ओढतात. खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला, डांबरासारखा एक ठिपका. झिजलेल्या रिंगांमधून जुनं इंजिन थोडं थोडं तेल पीत राहतं. त्याचा आवाज होत नाही, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेलाची पातळी नव्हे, दाब बघतो. तो लागेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. ज्या बेअरिंगच्या भीतीने मालकाला तीन रात्री झोप नव्हती, ते खरंच जायला आणखी फार दिवस लागले नसते. चौघा सल्लागारांनी आणि काकांनी गाडीचं सगळं काही पाहिलं होतं. फुकटात ओढून बघता येणारी ही काडी तेवढी राहिली होती.

"आखरी बार कब देखा था?" उस्ताद विचारतात.

या खेपेला मालकाला प्रश्न नीट कळतो, आणि वारही आठवत नाही. तेवढ्यात वीज येते, शेजारच्या शेडमधले माग एकदम सुरू होतात, आणि उस्ताद मालकाला सुनवायला सुरुवात करतात. माग चालू असूनही शेजारच्या शेडमधला जॉबर दारात येऊन उभा राहतो. त्याला शब्द न् शब्द ऐकू येत असतो.